वरचा बाण

अलीमियाँ हमदुले घराला कुलूप लावतात तेव्हा ते तीनदा ओढून बघतात. एकदा लावल्या लावल्या, एकदा दोन पायऱ्या उतरल्यावर परत वर जाऊन, आणि एकदा गल्लीच्या कोपऱ्यावरून मागे फिरून. त्यांच्याबरोबर मुहर्रकच्या बाजारात निघायचं म्हटलं की पाच मिनिटं जास्तीची धरावी लागतात. त्यांची बायको महमुदा मला म्हणते, "बाई, या माणसाला कबरीत ठेवलं तरी हा एकदा उठून बघेल, माती नीट पडली का." अलीमियाँ हसतात, आणि तिसऱ्यांदा ओढायला जातात.

ही सवय आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिच्यामुळे झालं.

त्यांची मुलगी सुहा माझी विद्यार्थिनी. बहरीनमध्ये मी बावीस वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त होऊन रिफाला मुलाकडे राहते. सुहाचा मोठा गुण असा की गणित सुटलं तरी तिचं समाधान होत नसे. उत्तर बरोबर का आलं, हे तिला हवं असायचं. बापाचाच स्वभाव, पण तिनं तो पुढे नेला. आज ती एका बँकेत कॉम्प्युटरचं काम करते. मराठी तिला सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत येतं.

अलीमियाँ दापोली तालुक्यातले. १९८८ साली ते इकडे आले ते नजीबभाईंनी पाठवलेल्या व्हिसावर. नजीबभाई म्हणजे महमुदाचे सख्खे मावसभाऊ. एका बांधकाम कंपनीत ते तेव्हा ऑफिस सांभाळत, आणि त्यांच्या शब्दाला तिथे वजन होतं. ऑफिस बाब अल बहरीन या जुन्या वेशीच्या मागच्या गल्लीत, कापडाच्या दुकानांच्या वर. अलीमियाँ तिथे टायपिस्ट म्हणून लागले. राहायला कंपनीच्या कॅम्पमध्ये चौघांची खोली मिळाली, आणि त्या खोलीत बाळाजी पाष्टे भेटले. बाळाजी वेल्डर. गाव गुहागर तालुक्यात, म्हणजे दाभोळच्या खाडीच्या अलीकडे एक आणि पलीकडे दुसरा. गावी असताना दोघांनी एकमेकांची गावं रोज पाहिली होती, माणसं कधी पाहिली नव्हती. इथे दोघांचा डबा एक झाला. अलीमियाँ उंचीला कमी. ऑफिसात कॉम्प्युटर आला आणि त्याचं टेबल उंच निघालं, तेव्हा बाळाजींनी उरलेल्या पाइपांचं एक लोखंडी स्टूल जोडून त्यांना आणून दिलं. पाय चारही एका मापाचे, जरा म्हणून हलत नाही.

कॉम्प्युटरवर काम होतं रजांचं. चारशे-पाचशे माणसं, दोन वर्षांतून एकदा प्रत्येकाची रजा. कुणी कुठल्या महिन्यात जायचं, त्याची यादी निघे, त्या यादीवरून पासपोर्ट कपाटातून बाहेर येत आणि तिकिटं काढली जात. यादीत नाव नाही तर तिकीट नाही. यासाठीचा प्रोग्रॅम नजीबभाईंनी स्वतः लिहिला होता. संध्याकाळच्या क्लासला जाऊन ते पास्कल ही प्रोग्रॅम लिहायची भाषा शिकले होते आणि त्याचा त्यांना अभिमान होता. इतरांच्या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक उत्तरानंतर एंटर दाबावं लागे. नजीबभाईंच्या प्रोग्रॅममध्ये एक की दाबली की काम झालं. "एक बोट, एक काम," असं ते येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवत. ऑफिसातली मंडळी सगळी आपल्याकडची, म्हणून प्रश्नाची उत्तरंही त्यांनी आपल्या लोकांना सोयीची ठेवली होती. प्रत्येक नावाचं पान संपलं की खाली विचारणा येई: ही रजा रद्द करायची का? होय असेल तर H, नाही तर N.

१९९४ च्या ऑक्टोबरात बाळाजींची रजा होती. वर्षाच्या सुरुवातीला ते लग्नापुरते बिनपगारी रजेवर जाऊन आले होते; आता बायको रखमा माहेरी होती, पहिलंच बाळंतपण. बाळाजींनी दिवस मोजून रजा मागितली होती आणि ती मंजूर झाली होती.

त्या दिवशी अलीमियाँ यादीवर एकेक नाव उघडून N दाबत चालले होते. बाळाजींचं पान आलं. ते पाहून पुढे गेले, खाली प्रश्न आला, आणि तेवढ्यात त्यांच्या मनात आलं की तारीख नीट वाचली का. मित्राचं नाव, म्हणून जास्त काळजी. म्हणजे कुलूप पुन्हा ओढून बघायचंच ते. वरच्या ओळीवर जाऊन तारीख पाहावी म्हणून त्यांनी वरचा बाण दाबला. पडद्यावर पुढचंच नाव आलं. त्यांना वाटलं, पान पुढे गेलं, तारीख आपण पाहिलीच होती. दोन दिवसांनी यादी छापून आली. तिच्यात बाळाजी पाष्टे हे नाव नव्हतं.

बाळाजींना ते कळलं तेव्हा तिकिटं निघून गेली होती. त्यांच्या जागी साइटवर ठेवायचा माणूस दुसरीकडे पाठवला होता. पुढची तुकडी सहा आठवड्यांनी. मॅनेजरनं चौकशी केली, ती ऑफिसात सगळ्यांसमोर झाली, आणि बाळाजी दारात उभे होते. अलीमियाँ सांगत राहिले की मी H दाबलं नाही, मी फक्त बाण दाबला. नजीबभाईंनी मशीनवर बसून दाखवलं. N दाबलं, रजा राहिली. पुन्हा N, पुन्हा राहिली. H दाबलं, गेली. मग बाण दाबून दाखवला, काही झालं नाही. अलीमियाँ म्हणाले, तुम्ही खालचा दाबलात, मी वरचा दाबला होता.

"वर काय नि खाली काय," नजीबभाई म्हणाले. "मशीन चुकत नाही, अली. माणूस चुकतो."

लोक हसले. अलीमियाँनी उठून वरचा बाण स्वतः दाबून दाखवला असता तर? हे मी त्यांना एकदा विचारलं. ते म्हणाले, व्हिसा ज्यांनी दिला त्यांना मशीनवरून उठवून मी कसा बसणार होतो.

मुलगा झाला. नऊ दिवस जगला. बाळाजी सहा आठवड्यांनी गावी पोचले तेव्हा पाळणा काढून ठेवलेला होता. फोटो काढायचं कुणाला सुचलं नव्हतं. मूल कुणासारखं होतं हे बाळाजींना आजतागायत माहीत नाही. रखमा सांगते ते वेगळं आणि सासू सांगे ते वेगळं.

अलीमियाँना ऑफिसातून काढून सलमाबादच्या गोदामात स्टोअरकीपर केलं. लोखंडी स्टूल ते बरोबर घेऊन गेले. बाळाजींनी खोली बदलून घेतली. त्यानंतर तीस वर्षं दोघं एकाच कंपनीत होते. वेल्डिंगचे रॉड न्यायला बाळाजी गोदामात येत, काउंटरवर चिठ्ठी ठेवत, अलीमियाँ रॉड काढून ठेवत, बाळाजी सही करून जात. चिठ्ठीवर रॉडचा नंबर, नग आणि तारीख. याहून जास्त एक शब्द त्यांच्यात झाला नाही. बाळाजी फोरमन झाले, तेव्हा चिठ्ठ्या दुसरी माणसं आणू लागली आणि तेही बंद झालं.

नजीबभाई मात्र अलीमियाँना कधी विसरले नाहीत. दर ईदला मिठाईचा मोठा डबा येई. महमुदाचा व्हिसा त्यांनी करून दिला. सुहाला शाळेत प्रवेश मिळत नव्हता, तेव्हा ते स्वतः जाऊन बसले. अलीमियाँचं ऑपरेशन झालं तेव्हा रोज गाडी पाठवली. "भाऊ असावा तर असा," महमुदा म्हणे, आणि अलीमियाँही मान हलवत.

यंदा उन्हाळ्यानंतर गोदाम हलवायचं ठरलं. मागच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरांचा ढीग होता, तो भंगारात जायचा होता. अलीमियाँनी त्यातून ते एक मशीन ओळखलं, कारण त्याच्या कडेला त्यांनीच कधीतरी चिकटवलेली नावाची पट्टी अजून होती. परवानगी मागून ते घरी आणलं. महमुदा वैतागली. सुहानं शुक्रवारी दुपारी डिस्क काढून तिच्यातलं सगळं आपल्या लॅपटॉपवर उतरवलं. नजीबभाईंचा प्रोग्रॅम होता. चालवायची फाइल होती, आणि ज्यावरून ती बनते ते लिहिलेलं मूळही होतं. शिवाय मुळाची आदली प्रतही होती. त्या वेळचं पास्कल, प्रोग्रॅम बदलून साठवला की आधीची प्रत आपोआप बाजूला ठेवत असे.

मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होते. सुहानं आदली प्रत वाचली, मग तिच्यावरून प्रोग्रॅम चालता केला. निळा पडदा आला. तिनं बापाला खुर्चीत बसवलं आणि खोटीच पाच नावं भरली. अलीमियाँनी दोन नावांना N दाबलं. तिसऱ्याला ती म्हणाली, आता तेव्हा केलं होतं तसं करा. त्यांनी वरचा बाण दाबला. पुढचं नाव आलं. सुहानं यादी काढली. तिसरं नाव तिच्यात नव्हतं.

 अलीमियाँनी पुन्हा पाचही नावं भरायला लावली, पुन्हा तेच केलं. मग आणखी एकदा. तीनदा.

"अब्बा, इट वॉज नेव्हर यू," सुहा म्हणाली.

कारण तिनं मला समजावलं आणि मी अलीमियाँना. अक्षराची की दाबली की प्रोग्रॅमच्या हाती एक आकडा येतो. बाणाची दाबली तर दोन येतात, एकामागून एक. पहिला शून्य, म्हणजे पुढे येतंय ते अक्षर नव्हे अशी सूचना. दुसरा त्या बाणाचा. वरच्या बाणाचा दुसरा आकडा बहात्तर. H या अक्षराचा आकडाही बहात्तरच. शून्य आलं तर पुढचा आकडा वेगळा समजायचा, एवढं सांभाळावं लागतं. नजीबभाईंनी ते सांभाळलं नव्हतं. त्यांचा प्रोग्रॅम H किंवा N येईपर्यंत एकेक आकडा वाचत राही. शून्य आलं, कामाचं नाही म्हणून टाकून दिलं. बहात्तर आलं, रजा रद्द. खालच्या बाणाचा आकडा ऐंशी, तो H नाही आणि N नाही, म्हणून काही झालं नाही. इथल्या दुसऱ्या कुठल्या ऑफिसात होयसाठी Y ठेवलं असतं आणि हे कधीच घडलं नसतं.

महमुदा रडायला लागली, आनंदानं. तिनं नजीबभाईंना फोन लावायला घेतला. सुहानं तिच्या हातातून फोन काढून घेतला, कारण तोवर तिनं दुसरी प्रत उघडली होती. त्या प्रतीत बाणाचं सगळं नीट सांभाळलेलं होतं. शेजारी नजीबभाईंनी इंग्रजी अक्षरांत टीप ठेवली होती: वरचा बाण H म्हणून येतो, दुरुस्त केले. खाली नावाची आद्याक्षरं. फाइलची तारीख चौकशीनंतर अकरा दिवसांची.

त्या खोलीतला तो अर्धा तास मला आठवावासा वाटत नाही. महमुदा पहिल्यांदा म्हणाली, तारीख चुकीची असेल. मग म्हणाली, त्यांनी सांगितलं असतं तर त्यांचीही नोकरी गेली असती. मग, सुहाचा निकाह जानेवारीत आहे, मुलीच्या वतीनं संमती कळवणारे वकील म्हणून तेच उभे राहायचेत, कार्डांवर नाव छापून झालंय. सुहानं इंग्रजीत जे सुनावलं ते तिच्या आईला सगळं समजलं. अलीमियाँ मिठाईच्या रिकाम्या डब्याकडे बघत होते. महमुदा त्यात सुईदोरा ठेवते. घरात असे आठ-दहा डबे आहेत.

"नजीबभाईंकडे मी जाणार नाही," ते शेवटी म्हणाले. "बाळाजीकडे जाईन. तो दहा-बारा दिवसांत कायमचा चाललाय."

बाळाजींचा व्हिसा संपत होता आणि कंपनीनं तो वाढवला नव्हता. अलीमियाँनी मला एक पान लिहून मागितलं, मराठीत, बाळाजींना वाचता येईल अशा मोठ्या अक्षरात. काय झालं, कसं झालं आणि कुठल्या तारखेला दुरुस्त झालं. नजीबभाईंचं नाव घालू नका म्हणाले. मी विचारलं, मग दुरुस्त कुणी केलं म्हणून लिहू? ते म्हणाले, तारीख लिहा, तो समजेल. पान तयार झाल्यावर त्यांनी ते तीनदा वाचलं.

शुक्रवारी सकाळी बाब अल बहरीनच्या मागे, जुन्या ऑफिसच्या गल्लीतच, एका चहाच्या दुकानात बाळाजींना बोलावलं. निरोप दुसऱ्याकडून धाडला होता. ते येतील असं मला वाटलं नव्हतं, पण ते आमच्याआधी येऊन बसले होते. पांढरी मिशी, इस्त्रीचा शर्ट, वेल्डिंगनं बारीक झालेले डोळे. मला नमस्कार केला. अलीमियाँकडे पाहिलं आणि पाण्याच्या पेल्याकडे पाहू लागले. अलीमियाँनी पान टेबलावर ठेवलं. गोदामात काउंटरवर बाळाजी चिठ्ठी ठेवत तसंच, मध्यावर. मग आपला हात मागे घेतला.

बाळाजींनी चष्मा लावून सगळं वाचलं. आकड्यांपाशी अडले, मी सांगितलं. तारखेपाशी थांबले आणि बोटावर काही मोजलं.

"म्हणजे मी गावाला निघालो त्याच्या आधी हे कळलेलं होतं," ते म्हणाले.

"होय," अलीमियाँ म्हणाले.

"विमानतळावर सोडायला त्यानं स्वतःची गाडी दिली होती मला. मी म्हटलं, दुःखात माणूस धावून आला."

चहा आला. कुणी घेतला नाही.

"बाळा, मी दाबलं नव्हतं."

"म्हाईत हाय."

"आता कळलं ना."

"आता नाय. तवाच." बाळाजींनी चष्मा काढला. "कॅम्पात तू तीन-तीनदा कुलूप बघायला उठायचास, तुझ्यापायी किती वेळा माझी झोपमोड झाली. तू माझ्या नावावर भलतं बोट ठेवशील? तुझा हात मला ठाऊक होता."

 अलीमियाँनी विचारलं, "मग तीस वर्षं?"

"नजीबभाईला काय बोलणार होतो मी? पासपोर्ट त्याच्या कपाटात. मॅनेजरला म्हटलं असतं की तुमचं मशीन चुकलं, तर पुढच्या विमानानं खलास. घरी खाणारी सात तोंडं." ते थांबले, मग माझ्याकडे वळले, जणू हे मला सांगणं सोपं होतं. "बाई, राग तर कुणावर तरी काढायलाच पायजे होता. याच्यावर काढायला कुणाची परवानगी लागत नव्हती."

  पहिल्या वर्षी खरंच राग होता, बाळाजी अलीमियाँना म्हणाले. दुसऱ्या वर्षी बोलायचं मनात आलं होतं. पण तोवर न बोलायची सवय झाली होती, आणि बोललो असतो तर तू विचारलं असतंस की मग तेव्हा दारात गप्प का उभा राहिलास.

अलीमियाँनी हे विचारलं नाही. त्यांनी पान पुढे सरकवलं.

"हे ने. रखमावहिनींना वाचून दाखव. तुझ्या गावात अजून माझंच नाव घेतात. माझा चुलतभाऊ तिकडे बाजाराला गेला होता, तर त्याला तोंडावर म्हणाले, बापाला पोराच्या तोंडाला मुकवलं ते तुमच्यातलेच ना."

बाळाजींनी पान उचललं, घडी घातली, वरच्या खिशात ठेवलं. मग पुन्हा काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"नाय नेत."

"का?"

"ती विचारेल, तुम्हाला कधी कळलं."

"सांग, परवा कळलं."

"आजवर एकच गोष्ट लपवली तिच्यापासून. ती लपली, कारण मी इथे होतो आणि ती तिथे. आता रोज तिच्यासमोर बसायचंय." ते उठले. "राहू दे, अली. तुला काय, तुला आता ठाऊक झालं ना तू केलं नाहीस म्हणून."

अलीमियाँना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण ते त्यांनी म्हटलं नाही.

दारापाशी जाऊन बाळाजी मागे फिरले. "ते स्टूल हाय?"

"आहे. हलत नाही अजून."

"हलेल कसं," बाळाजी म्हणाले, आणि दुकानांच्या सावलीतून बसच्या रस्त्याला लागले.

मंगळवारी त्यांचं विमान गेलं. मुहर्रकच्या घरावरून विमानं इतकी खालून जातात की भांडी वाजतात. अलीमियाँ त्या दिवशी गोदामात सामान मोजत होते. संध्याकाळी ते माझ्याकडे रिफाला आले, दोन बस बदलून, आणि घडी घातलेलं पान माझ्या हातात दिलं.

"तुमच्याकडे राहू दे, बाई. माझ्या घरात नजीबभाईंचं येणं-जाणं आहे. निकाहापर्यंत तर रोजच."

मी म्हटलं, हे मी कुठे लिहिलं तर चालेल का. त्यांनी थोडा विचार केला.

"लिहा की. त्यांचं शिक्षण उर्दूत, आणि घरात मराठी वाचणारं कुणी उरलेलं नाही."

पान मी कपाटात ठेवलं आणि किल्ली फिरवली. निघताना अलीमियाँनी माझ्या परवानगीनं कपाटाचं दार एकदा ओढून बघितलं. एकदाच.